तरंगनाथाच्या गुलालाची लहर

पेठ वडगावच्या वाटेवर एक मंगल कार्यालय आहे. लग्नाची तिथी नसली की तिथं कबुतरं नांदतात. यंदा मार्गशीर्षात कबुतरांना बसायला जागा उरली नाही, इतकी माणसं आत. मलकापूरची, कागलची, आमच्या कोल्हापुरातल्या पेठांची. शिकलेली, चारचाकीतनं आलेली, काखेत दवाखान्याच्या फायली धरलेली. आणि सगळी माना वर करून एका तांब्याच्या कलशाकडं बघत बसलेली.

कलश छताच्या लोखंडी नळीला दोरीनं टांगलेला. बुडाला भोक, आत गुलाल. खाली पांढऱ्या कापडाची लांबच लांब पट्टी. तरंगनाथ महाराज म्हणवून घेणारा गडी आजाऱ्याला पुढं बसवायचा, त्याच्या कपाळाला कलश टेकवायचा, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा आणि कलश सोडायचा. कलश डावी-उजवीकडं झुलायला लागला की त्याचा चेला पिराजी ती पट्टी आपल्याकडं ओढायला लागायचा. आणि सरकत्या कापडावर गुलालाची लहर उमटायची. चढ, उतार, चढ, उतार. वळण इतकं गोलाईदार की रांगोळीत जन्म गेलेल्या माझ्यासारखीलाही हातानं काढता येणार नाही.

"श्वास म्हणजे लहर," महाराज सांगायचा. आवाज असा, जणू पोटात भोंगा बसवलाय. "लहर म्हणजे प्राण. प्राण म्हणजे कॉस्मिक फ्रिक्वेन्सी. डॉक्टर मशीन लावून जे बघतो ते आम्ही गुरुकृपेनं बघतो. गगनबावड्याच्या कड्यावर बारा वर्षं तप केलं, तेव्हा हा कलश बोलायला लागला."

बारा वर्षं गगनबावड्याच्या पावसात बसला असता तर अंगावर शेवाळ धरलं असतं. ह्याची कातडी तर साय लावल्यासारखी तुकतुकीत. पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. त्या दिवशी मीही हात जोडूनच बसले होते, कारण कलशाखाली माझा लेक बसला होता.

अमरसिंह माझा थोरला. तरणेपणी तालमीत गाजलेला. आता सेहेचाळीस वय, आणि जिना चढला की छातीवर हात ठेवून थांबतो. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, बायपास करायला पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगून दोन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची तारीखही दिली होती. ज्यानं कुस्तीच्या फडात कधी स्वतःची पाठ टेकू दिली नाही तो गडी छाती फाडायची म्हटल्यावर आतनं हादरला. तोंडानं कबूल करायचा नाही. मग असल्या माणसाला जे पाहिजे असतं ते तरंगनाथाकडं होतंच.

अमरसिंहची लहर सुरुवातीला चांगली हातभर रुंद निघाली. मग लहान झाली, आणखी लहान झाली, आणि पट्टीच्या शेवटाला झुरळाच्या मिशीएवढी राहिली.

"बघितलंत?" महाराज म्हणाला. "जीव विझत चाललाय. घसरत्या लहरीत चाकू लावला तर लहर तुटते. गोळ्या बंद. अकरा दिवस आमचं तेल छातीला. मग लहरशुद्धी. आणि ती दवाखान्याची फाईल इथं ठेवून जायची, तिची सावली लहरीवर पडते."

कोपऱ्यात फायली उसाच्या मोळ्यांसारख्या रचल्या होत्या. अमरसिंहची वरती गेली.

आणखी एक नियम होता. पट्टीला हात लावायचा नाही, पाय तर अजिबात लावायचा नाही, कारण जोतिबाचा गुलाल आहे. म्हणून सगळे वावभर, दोन हात पसरल्याएवढे लांब बसायचे. मीसुद्धा पदर गोळा करून बसले.

घरी आल्यावर सुनेनं तोंड उघडलं. स्वप्नाली, अमरसिंहची बायको, कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या वह्यांत त्या वळवळत्या रेघा बघून मी तिला टोमणे मारत आले. पगार मिळतो म्हणून, नाहीतर ही कसली विद्या, असं मी चारचौघांत बोललेय.

"आत्या, ती लहर मी रोज फळ्यावर काढते," ती म्हणाली. "साईनचा आलेख हाय तो. पुस्तकात छापलाय."

"पुस्तकात जोतिबाचा गुलाल हाय व्हय? मास्तरीण हायस तू, डॉक्टर न्हाईस."

"आणि तो डॉक्टर हाय? ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. त्यातल्या एका गोळीनं रक्त गोठत न्हाई. मंगळवारपर्यंत काय झालं तर?"

"माझ्या लेकाचं मला कळतं."

ती वह्या तपासायला उठून गेली. पण गप्प बसणारी सून नाही ती. चौथ्या दिवशी दुपारी अमरसिंह तेल चोळून झोपला होता, तेव्हा माझ्यासमोर येऊन बसली.

"आत्या, तुम्ही आजवर पाळणे किती हलवले?"

"स्वतःची चार पोरं. जावांची, नणंदांची धरून पंधरा-सोळा. का?"

"जोरात झोका दिला, तर पाळणा लवकर परत येतो? हळू दिला तर उशिरा?"

मी व्हय म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण तसं नसतं. झोका मोठा द्या नाहीतर लहान, जायला-यायला वेळ जवळजवळ तेवढाच. माझ्या हाताला पन्नास वर्षं ठाऊक होतं, तोंडानं कधी बोलले नव्हते.

"सारखाच वेळ लागतो," मी म्हटलं.

"आणि झोका द्यायचं सोडलं तर?"

"लहान लहान होत थांबतो की."

"का? आतल्या बाळाचा जीव विझत जातो म्हणून?"

मला असा राग आला की तिच्या डोक्यात लाटणं घालावं. पण राग तिचा नव्हता. तो कलश माझ्या डोळ्यांपुढं आला. हातभर रुंद, मग वीतभर, मग मिशीएवढा. पाळणाच होता तो. दुसरं काही नव्हतं.

"उठ," मी म्हटलं. "दाखव काय दाखवायचंय ते."

दारं-खिडक्या लावल्या. पाळण्याच्या आकड्याला तिनं दोरी बांधून पाण्याची बाटली उलटी टांगली. बूड कापलेली, टोपणाला भोक पाडलेलं, आत बारीक रांगोळी. मग मला म्हणाली, "आत्या, जातं फिरवा." आमचं जुनं जातं कोपऱ्यात पडून असतं. तिनं ते बाटलीच्या पलीकडं ओढून घेतलं, खुंट्यावर काठी खोचली, समोरून मोबाईलची बॅटरी लावली. माझ्या जात्याचा खुंटा गोल फिरत होता. पण भिंतीवर त्याची सावली नुसती डावी-उजवीकडं जात होती. शेजारी झुलत्या बाटलीची सावली, तीही डावी-उजवीकडं. मी जात्याचा वेग जरा कमीजास्त केला आणि दोन्ही सावल्या एका ठेक्यात आल्या. मधून जाताना दोघी पळायच्या, टोकाला गेल्या की दोघी जरा रेंगाळायच्या. जुळ्या बहिणींसारख्या.

"हे गोल फिरणं," स्वप्नाली म्हणाली. "हेच बाजूनं बघितलं की झोका. आणि झोक्याखालनं कापड ओढलं की लहर. वस्तू एकच, तीन रूपं."

"आणि तू फळ्यावर आकडे लिहितीस ते?"

"ते चौथं रूप. थांबा."

तिनं जुनी चादर पसरली. जात्याच्या एका फेऱ्याचे घड्याळासारखे बारा भाग केले, आणि खुंटा प्रत्येक भागाला आला की सावली मधल्या रेघेपासून किती लांब असते, ते एका कागदावर ओळीनं मांडलं. टोकाला एक वीत धरली तर आधी शून्य, मग अर्धी वीत, मग पाऊण वितीहून थोडी जास्त, मग पुरी वीत. आणि तसंच उलट परत, मग दुसऱ्या अंगाला. त्या मापांनी तिनं चादरीवर सारख्या अंतरानं माझ्या टिकल्या चिकटवल्या. बारा टिकल्या. चादरीवर बाटली अजून सोडलीसुद्धा नव्हती.

"आता लहर ह्या टिकल्यांवरनं जाणार," ती म्हणाली.

पहिल्यांदा चुकलं, मी चादर झटक्यानं ओढली. दुसऱ्यांदा बाटली तिरकी गेली. तिसऱ्यांदा मी झोके मोजत सारख्या हातानं ओढली, आणि रांगोळीची धार एकेक टिकली बुजवत निघाली. नऊ टिकल्या बुजल्या. तीन बोटभर चुकल्या, त्या माझ्या हातानं.

महाराज लहर बघून भविष्य सांगत होता. माझ्या सुनेनं लहर यायच्या आधीच तिची वाट टिकल्या लावून आखली होती, आणि त्या बाटलीला कुणाचंही कपाळ लावलं नव्हतं. मी तिला शाबास म्हटलं नाही. मला ते जमत नाही. चहा करून दिला, आलं घालून.

अमरसिंहला उठवून सगळं दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हा घरातला खेळ हाय, आई. म्हाराजांच्या हातात शक्ती हाय. त्येंच्या कलशाला कोण हात लावत न्हाय."

"हात लावला की उघडं पडंल, म्हणूनच लावू देत न्हाईत," मी म्हटलं.

अकरा दिवस भरल्यावर रविवारी लहरशुद्धी होती. मंगळवारी ऑपरेशन. मधे एकच दिवस.

त्या दिवशी स्वप्नालीला घेऊन मी पुढच्या रांगेत बसले. महाराजानं कलश चांगला लांब ओढून सोडला, मागच्या वेळेच्या दुप्पट. पिराजीही पट्टी भराभरा ओढायला लागला. मला आता सगळं दिसत होतं. लहर मोठी, रुंद, ऐसपैस निघाली. आणि पट्टी लवकर संपवायची, म्हणजे लहान व्हायला वेळच नाही.

"उठली," महाराज गरजला. "लहर उठली. आता ह्या छातीला चाकूची गरज नाही. फाईल गंगार्पण करा."

माणसं जयजयकार करत होती. अमरसिंहच्या डोळ्यांत पाणी. मी उठले, चार पावलं गेले आणि पट्टीवर बसले. मांडी घालून, नीट पदर सावरून. माझं वजन बेताचं नाही. पिराजीनं दोन हिसके दिले आणि तो पुढं सरकत माझ्याकडं आला, पट्टी काही हलली नाही.

"आक्का, उठा," तो कुजबुजला. "जोतिबाचा गुलाल हाय. बसताय काय त्याच्यावर?"

"चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गेलतास कधी?" मी मोठ्यानं विचारलं. "तिथं घोट्याएवढ्या गुलालातनं आपण चालतो. पोरंबाळं लोळत्यात. तिथं देव रागवत न्हाय, आणि ह्या कार्यालयात येऊन रागवतो व्हय?"

मागं कुणीतरी हसलं. मग सगळे पुढं वाकले, कारण कलश अजून झुलत होता आणि खाली बघितलं तर लहर नव्हती. सरळ रेघ होती. डावी-उजवी, डावी-उजवी, त्याच एका रेघेवर गुलाल साचत होता. मी चिमूटभर घेऊन बोटांत चोळला. कचकच लागली. गुलाल नुसता असा धारेनं पडतच नाही, गोळा होतो. त्यात रांगोळीची वाळू मिसळली होती.

महाराज बनेल. क्षणात सावरला.

"सरळ रेघ," तो हळू म्हणाला, आणि त्याचं ते हळू बोलणं गरजण्याहून वाईट होतं. "दवाखान्यातल्या मशीनवर सरळ रेघ म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ह्या बाईनं आपल्या हातानं पोराची लहर तोडली."

बायका तोंडाला पदर लावून बसल्या. अमरसिंहचा चेहरा चुन्यासारखा झाला, हात छातीवर. लेकाला भीतीनंच काही झालं असतं तर ह्या भडव्याचं खरं ठरलं असतं.

अमरसिंह उठून माझ्यासमोर आला. "उठ, आई," म्हणाला.

मला वाटलं, संपलं. मी उठले.

त्यानं पिराजीच्या हातातनं पट्टीचं टोक काढून घेतलं. "म्हाराज, कलश सोडा परत."

"शक्ती खंडित झाल्यावर—"

"सोडा की."

महाराज हलला नाही. स्वप्नाली पुढं झाली आणि तिनं कलश सोडला. कुणाचं कपाळ नाही, मंत्र नाही. माझ्या लेकानं पट्टी ओढली. लहर. थांबला. सरळ रेघ. ओढली. लहर. हळू ओढली तर चढउतार दाटीवाटीनं आले, जोरात ओढली तर ऐसपैस झाले. त्यानं पाच-सहा वेळा केलं, लहान पोरासारखं, ओठ दाबून.

"म्हणजे एवढ्यात मी तीनदा मेलो आणि तीनदा उठलो," तो म्हणाला.

हसण्याचा गलका झाला. तो थांबला तो एका बाईमुळं. मलकापूरची होती, तिशी-पस्तिशीची, मागच्या दाराशी उभी. कपाळ मोकळं.

"पिराजीदादा," ती म्हणाली, "माझ्या मालकांची लहर बारीक आलती. दाटीची. म्हाराज म्हणालं साखरेची इंजेक्शनं बंद करा. दुसरी लहर काढायच्या आधीच ते गेलं. तवा तुमी हळू ओढलंतसा?"

पिराजीनं खाली बघितलं.

"पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा जोरात," तो म्हणाला. "तसंच सांगितलं हुतं मला. सगळ्यांलाच तसं."

मग जे झालं ते फार सांगण्यासारखं नाही. बारा वर्षांचा तपस्वी स्वयंपाकघराच्या दारानं पळत होता, त्याला तरण्या पोरांनी धरून ठेवला. मारू दिला नाही; स्वप्नालीनं पोलिसांना फोन केला होता आणि ती दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, की ह्याला कायदा आहे, तक्रार लिहून द्या. मलकापूरच्या त्या बाईनं पहिली सही केली. माणसं कोपऱ्यातल्या ढिगातनं आपापल्या फायली शोधत होती. अमरसिंहनं आपली शोधली, फुंकर मारून गुलाल झटकला आणि बायकोच्या हातात दिली.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गोळ्या बंद केल्याबद्दल डॉक्टरांनी त्याला माझ्यादेखत असा झापला की मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काचेतनं बघू दिलं. त्याच्या उशाशी मशीन होतं आणि त्यावर त्याची रेघ पळत होती. गुळगुळीत वळणाची नव्हती ती. एक छोटा उंचवटा, मग सुईसारखा उंच सुळका, मग खाली खाच, मग एक बुटकी टेकडी, मग जरा सपाट. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची रेघ बघितली. सुळका बुटका, टेकडी वेगळ्या जागी. त्याच्या पलीकडच्या बाईची तिसरीच. तीन खाटा, तीन रेघा, एकीसारखी दुसरी नाही.

"स्वप्नाली, हा तुझा साईन न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई, आत्या. हे ह्यांचं स्वतःचं हाय."

तिथं उभी राहून मला सगळं उलगडलं. तरंगनाथाच्या कापडावर पाटलाची, शिपायाची, मरणाऱ्याची, जगणाऱ्याची, सगळ्यांची रेघ एकाच घडणीची निघत होती. आम्ही तिला प्रत्येकाचा प्राण समजलो. सगळ्यांना सारखी निघते ती रेघ माणसाची नसते. ती दोरीची असते, आणि ओढणाऱ्याच्या हाताची.

मी चार इयत्ता शिकलेली बाई. मला साईन कळत नाही, पाळणा कळतो. तेवढ्यावर मला तो लबाड पहिल्याच दिवशी ओळखता आला असता. पण तिथं मी माझे हात जोडून ठेवले होते, आणि हातांना जे ठाऊक होतं ते डोक्यापर्यंत गेलंच नाही. तुमच्याही हातांना काही ना काही ठाऊक असेल. कुणी चमत्कार दाखवायला लागला तर ते आठवा. कापड कोण ओढतंय ते बघा, आणि ज्याला हात लावू नका म्हणतील त्याला आधी हात लावा. गोळ्या बंद करा म्हणाला तर फाईल घेऊन डॉक्टरकडं जा. आणि तेही कुणी ऐकेना झालं, तर सरळ उठा आणि जाऊन त्या कापडावर बसा. देव रागवत नाही. मी बसून बघितलंय.